वाटाण्याच्या अक्षता

बाणेरमधल्या कॉफीच्या दुकानात, सकाळी अकराच्या सुमारास, कोपऱ्यातल्या टेबलाशी बहुतेक वेळा दोघे जण बसलेले दिसतात. एक पंचविशीतला. काळा टी-शर्ट, डोळ्यांखाली त्याच रंगाची वर्तुळं, पुढ्यात लॅपटॉप. दुसरा पंचावन्नच्या आसपासचा. केस पिकलेले, पायात मात्र मॅरेथॉनचे बूट. पंचविशीतला बोलत असतो आणि पंचावन्नवाला ऐकत असतो. खिशात पैसे दुसऱ्याच्या असतात, कॉफीचं बिल मात्र पहिला देतो. चाळीस मिनिटांनी पंचावन्नवाला उठतो, हात मिळवतो आणि म्हणतो, "आवडलं. खरंच आवडलं. कळवतो."

या 'कळवतो'चा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पंचविशीतल्यालाही तो कळलेला असतो. तरी तो संध्याकाळी आईला फोनवर सांगतो, "मीटिंग मस्त झाली."

पंचविशीतला तो स्टार्टअपचा फाउंडर. पंचावन्नवाला तो एंजल इन्व्हेस्टर, म्हणजे नव्या कंपनीत स्वतःच्या खिशातले पैसे अगदी सुरुवातीला घालणारा माणूस. या धंद्यात हिशोब येतो, कायदा येतो, तंत्रज्ञान येतं. पण रोजचं खरं काम एकच: नकार देणे, आणि तोही 'नाही' हा शब्द न वापरता. मराठीत याला फार जुना वाक्प्रचार आहे, वाटाण्याच्या अक्षता लावणे. अक्षता तांदळाच्या हातात पडल्या तर कार्य ठरलं. वाटाण्याच्या पडल्या तर समजून घ्यायचं आणि चपला शोधायच्या.

या वाटाण्यांचे प्रकार आहेत. 'थोडं लवकर होतंय' हा सगळ्यात खपणारा प्रकार. सुरुवातीलाच पैसे घालण्यासाठी ज्याची ख्याती आहे, त्या माणसाने 'फार सुरुवात आहे' म्हणावं, हे भल्या पहाटे दूधवाल्याने 'अजून उजाडलं नाही' म्हणण्यासारखं आहे. 'आधी ट्रॅक्शन दिसू दे' म्हणजे पैसे न लागता धंदा चालवून दाखव, मग पैसे देतो. 'आमच्या थीसिसमध्ये बसत नाही' हा पदवीधर प्रकार. तो ऐकून समोरच्याला आपण पीएचडीच्या तोंडी परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं.

आणि चौथा, 'लीड मिळाला की सांगा, आम्ही आहोतच.' लीड म्हणजे या फेरीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठी रक्कम घालणारा, अटी ठरवणारा गुंतवणूकदार. हे ज्याला समजत नाही त्याने गणपतीच्या वर्गणीला दारोदार हिंडून पाहावं. पावतीपुस्तकात पहिलं नाव कोणाचं आहे आणि आकडा किती आहे, हे बघितल्याशिवाय सोसायटीत कोणी खिशात हात घालत नाही. पहिल्या पानावर चव्हाणसाहेबांचे पाच हजार दिसले की पुढची सतरा घरं आपोआप फुटतात. चव्हाणसाहेब मात्र सध्या 'गावाला गेलेत'.

सरळ 'नाही' म्हणायला यांचं काय जातं? जातं. 'नाही' म्हटलं की दार बंद होतं. उद्या त्याच पोराची कंपनी हजार कोटींची झाली तर पुढच्या फेरीत घुसायला जागा राहत नाही. 'कळवतो' म्हटलं की दार नुसतं लोटलेलं राहतं, आणि लोटलेल्या दाराला भाडं पडत नाही.

आता वाटाण्याची दुसरी गोष्ट.

1912 साली मुंबईत एका गृहस्थांनी कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर लंडनहून आणलेला कॅमेरा लावला आणि रोज त्याचं थोडं थोडं चित्रण करायला सुरुवात केली. बी फुटलं, अंकुर वर आला, वेल चढला. सगळं मिळून मिनिटभराचं चलच्चित्र तयार झालं, 'अंकुराची वाढ'. ते त्यांनी निवडक ओळखीच्या माणसांना घरी बोलावून दाखवलं. गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. लंडनची वारी विम्याची पॉलिसी गहाण टाकून झाली होती, चित्रपट काढायला पैसे उरले नव्हते. ज्यांनी तो वाटाणा वाढताना पाहिला त्यांच्यातल्या यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला.

आजच्या भाषेत फाळक्यांनी डेमो दिला. स्लाइड नाही, आलेख नाही, 'भारताची लोकसंख्या' नाही. जे यंत्र आणलंय ते काय करू शकतं, एवढंच दाखवलं. पहिल्या फेरीच्या पैशाला आता 'सीड फंडिंग' म्हणजे बियाण्याचा पैसा म्हणतात. महाराष्ट्रातल्या नामांकित सीड फंडिंगपैकी निदान एक तरी शब्दशः बियाण्यावर मिळालेलं आहे, हे सिलिकॉन व्हॅलीला कोणीतरी कळवायला हवं.

'एंजल' हा शब्दही नाटक-सिनेमाच्याच अंगणातला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक बसवायला पैसे घालणाऱ्या हौशी श्रीमंतांना तिथली मंडळी देवदूत म्हणत. नाटक पडलं तर पैसे बुडाले, चाललं तर नफा, आणि दोन्ही वेळा नट्यांशी ओळख. 1978 साली न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम वेट्झेल यांनी नव्या कंपन्यांना सुरुवातीचा पैसा कोण देतं याचा अभ्यास केला आणि तसल्या माणसांना हाच शब्द लावला. आपल्याकडेही 'कंपनी' म्हटलं की घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी नाटक कंपनीच आठवायची, आणि मुलगा कंपनीत गेला म्हटल्यावर रडारड व्हायची. स्टार्टअपवाल्यांच्या घरांत ती प्रथा अजून टिकून आहे.

एंजल आणि व्हेंचर कॅपिटल यांत लोक गल्लत करतात. व्हेंचर कॅपिटलवाला दुसऱ्यांचे पैसे घालतो आणि त्यासाठी पगार घेतो. एंजल स्वतःचे घालतो आणि त्यासाठी बायकोची बोलणी खातो.

पण एंजलच्याही आधी एक फेरी असते आणि तिची बातमी कुठेच येत नाही. इंग्रजीत तिला 'मित्र, नातेवाईक आणि मूर्ख' अशी फेरी म्हणतात. या तीन गटांत एकच माणूस तिन्हीकडे मोडू शकतो. फाळक्यांच्या सिनेमासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक आणि फिल्मला भोकं पाडण्यापासून धुण्यापर्यंतची कामं त्यांनीच केली. पैसा घालायचा आणि वर राबायचंही, असा एंजल आजच्या कुठल्याच नेटवर्कमध्ये मिळत नाही.

1981 साली पुण्यात सात इंजिनिअरांनी इन्फोसिस काढली तेव्हा नारायण मूर्तींच्या हाती सुधा मूर्तींनी साठवलेले 10,000 रुपये दिले, आणि तीन वर्षं घरखर्चाचं मी बघते असंही सांगितलं. कंपनीत शिल्लक किती महिने पुरेल त्याला आता 'रनवे' म्हणतात. अठरा महिन्यांचा रनवे असला तर फाउंडरला शांत झोप लागते. सुधाताईंनी छत्तीस महिन्यांचा दिला, आणि त्यासाठी त्यांना एकही स्लाइड दाखवावी लागली नाही.

हेच अमेरिकेत. 1903 साली फोर्ड मोटर कंपनी निघाली तेव्हा तिचे एक भागीदार जेम्स कझन्स यांनी शाळामास्तरीण असलेल्या आपल्या बहिणीला, रोझेटाला, पैसे घालायला सांगितलं. तिच्याजवळ बचत 200 डॉलरची. वडिलांनी सल्ला दिला की निम्मेच घाल. तिने 100 घातले. 1919 साली हेन्री फोर्डने जुन्या भागधारकांचे शेअर विकत घेतले तेव्हा तिच्या 100 डॉलरचे अडीच लाखांहून जास्त झाले होते. उरलेल्या 100 डॉलरबद्दल त्या घरात पुढे काय बोलणं झालं असेल, याची कल्पना कुठल्याही कुटुंबवत्सल वाचकाला करता येईल.

घरची फेरी संपली की पिच डेक तयार होतो. दहा-बारा स्लाइडचा हा ऐवज आता पत्रिकेसारखा ठरीव झाला आहे. पहिल्या स्लाइडवर समस्या. ही समस्या देशात कोट्यवधी लोकांना छळत असते, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. दुसरीवर उपाय, तो मोबाइलवरच असतो. तिसरीवर बाजारपेठ. इथे एक वाक्य हमखास येतं: "देशात 140 कोटी लोक आहेत, त्यांतल्या एकाच टक्क्याने जरी आपलं ॲप घेतलं..." एक टक्का म्हणजे 1 कोटी 40 लाख माणसं. फाउंडर ते इतक्या नम्रपणे सांगतो, जणू उरलेल्या 99 टक्क्यांवर त्याने दया केली आहे. मग स्पर्धेचा तक्ता येतो. त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या रकान्यांत फुल्या आणि आपल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा. आपणच प्रश्नपत्रिका काढली की पैकीच्या पैकी गुण पडतात.

शेवटी उत्पन्नाचा आलेख. इंग्रजीत याला हॉकी स्टिक म्हणतात, पण हॉकीची काठी आपल्याकडे कितीशी घरांत असते? मराठी डोळ्यांना तो सिंहगडाच्या दंतकथेतला वाटेल: पहिली दोन वर्षं पायथ्याशी चाचपडत, आणि तिसऱ्या वर्षी कड्यावरून थेट वर, घोरपडीला दोर बांधून. घोरपड कुठून आणणार, हे पंचावन्नवाला विचारतो. "मार्केटिंगमधून," असं उत्तर येतं.

मग व्हॅल्युएशन. फाउंडर म्हणतो, 50 लाख हवेत, बदल्यात 10 टक्के हिस्सा देतो. म्हणजे पैसे आल्यावर कंपनीची किंमत झाली 5 कोटी. भूमितीचं एवढं सोपं प्रमेय नाही. पण हेच घरी आत्याला समजावताना घाम फुटतो.

"पाच कोटींची कंपनी?"

"हो आत्या."

"विक्री किती?"

"अजून सुरू नाही केली."

"माणसं किती?"

"मी आणि निखिल."

"म्हणजे तू अडीच कोटींचा."

"तसंच काही नाही, पण..."

"मग काल स्कूटरच्या पेट्रोलला दोनशे रुपये माझ्याकडून का नेलेस रे बाळा?"

आत्याच्या प्रश्नाला अर्थशास्त्रात समाधानकारक उत्तर नाही. ज्या कंपनीला विक्री नाही, नफा नाही, यंत्रं नाहीत, तिची किंमत दोन माणसं कॉफीच्या टेबलावर ठरवतात आणि ती दोघांना पटली की तीच खरी. म्हणूनच नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या अमेरिकेतल्या वाय काँबिनेटरने 2013 साली 'सेफ' नावाचा करार काढला. मथितार्थ असा की पैसे आत्ता घे, किंमत पुढच्या फेरीत कोणीतरी शहाणा ठरवेल तेव्हा बघू. भारतात त्याचीच आवृत्ती 'आयसेफ' नावाने निघाली. हुंड्याची बोलणी लग्नानंतर करण्याचाच हा प्रकार, पण दोन्हीकडच्या मंडळींना सोयीचा.

हे सगळे सोपस्कार टाळून पैसे मिळतात का? एकदा मिळाले आहेत, आणि त्या एकदाची पोथी गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं रोज वाचली जाते. ऑगस्ट 1998. पालो आल्टोमध्ये प्राध्यापक डेव्हिड चेरिटन यांच्या घराचा व्हरांडा, सकाळची वेळ. स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, आपलं सर्च इंजिन दाखवतात. पाहणारे अँडी बेक्टोल्शाइम. सन मायक्रोसिस्टिम्स ज्यांनी स्थापन केली त्या चमूतले ते एक. दुसरे विनोद खोसला, आणि खोसलांचा जन्म पुण्याचा, याची पुणेकरांनी कृपया नोंद घ्यावी. बेक्टोल्शाइमना दुसरीकडे जायची घाई. बारीकसारीक गोष्टींवर चर्चा करण्यापेक्षा चेकच देऊन टाकतो, म्हणाले आणि 1 लाख डॉलरचा चेक फाडला. नाव लिहिलं, 'गूगल इन्कॉर्पोरेटेड'.

अडचण एकच होती. त्या नावाची कंपनी अजून नव्हती. कंपनी नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून चेक वटत नाही. दोनेक आठवडे तो खणात पडून राहिला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला कंपनीची नोंदणी झाली. आपल्याकडे कंपनी असते, खातं असतं, पॅन-जीएसटी सगळं असतं; फक्त चेक नसतो. बेक्टोल्शाइमच्या मागोमाग स्वतः चेरिटन, चेन्नईचे राम श्रीराम आणि ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनीही पैसे घातले. पावतीपुस्तकाचं पहिलं पान भरलं की काय होतं, ते वर आलंच आहे.

ज्यांनी घातले नाहीत, त्यांची गोष्ट जास्त वाचनीय आहे. बेसेमर ही अमेरिकेतली फार जुनी गुंतवणूक संस्था. तिने आपल्या नकारांची यादी स्वतःच जाहीर करून ठेवली आहे. फेडेक्सला सात वेळा नकार दिला. ॲपलचे शेअर मिळत होते, तेव्हा भाव अवाच्या सवा वाटला. संस्थेतले डेव्हिड कोवन यांच्या एका मैत्रिणीने आपलं गॅरेज त्या स्टॅनफर्डच्या दोन पोरांना भाड्याने दिलं होतं. तिने दोघांची ओळख करून देऊ का विचारलं, तेव्हा कोवननी उलट विचारलं, की गॅरेजवरून न जाता या घरातून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का. आपली फजिती एवढ्या मोकळेपणाने मांडायला छाती लागते, आणि बाकीच्या गुंतवणुकींतून भरपूर मिळालेलंही असावं लागतं.

दुसरं उदाहरण एअरबीएनबीचं. 2008 च्या उन्हाळ्यात ब्रायन चेस्की आणि त्याच्या मित्रांची सात गुंतवणूकदारांशी गाठ घालून दिली गेली. मागणी दीड लाख डॉलरची, कंपनीची किंमत पंधरा लाख. म्हणजे दीड लाखात दहा टक्के. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. परक्याच्या घरात, परक्याच्या गादीवर पैसे देऊन कोण झोपेल, हा प्रश्न कोणालाही पडला असता. कोकणात लग्नाला गेलेल्यांना मात्र पडला नसता. पैसे संपले तेव्हा या पोरांनी अध्यक्षीय निवडणुकीचा मोसम साधून ओबामा आणि मकेन यांच्या नावाचे नाश्त्याच्या सीरिअलचे खोके स्वतः चिकटवले आणि 40 डॉलरला एक या भावाने विकले. 30 हजार डॉलरच्या आसपास उभे राहिले. वाय काँबिनेटरच्या पॉल ग्रॅहम यांना घरं भाड्याने देण्याची कल्पना फारशी भावली नव्हती. पण जी पोरं चार डॉलरचं सीरिअल चाळीसला विकतात ती सहजी मरणार नाहीत, हे मात्र पटलं. 20 हजार डॉलर मिळाले. डिसेंबर 2020 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा 68 डॉलरला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी 144 च्या वर बंद झाला. फ्रेड विल्सन या नावाजलेल्या गुंतवणूकदारांनीही पैसे घातले नव्हते. त्यांनी त्या सीरिअलचा एक खोका आपल्या बैठकीच्या खोलीत ठेवून दिला, स्वतःला आठवण राहावी म्हणून.

फाळक्यांचा वाटाणा आणि चेस्कीचा खोका, दोन्ही एकाच जातीचे. धंद्याचा हिशोब दोन्हींतून कळत नव्हता. माणूस कळत होता.

या गोष्टी ऐकून एखादा निवृत्त गृहस्थ मुदत ठेव मोडायला निघाला असेल तर त्याने जरा थांबावं. कहाण्या जिंकलेल्यांच्याच छापून येतात. 2007 साली रॉबर्ट विल्टबँक आणि वॉरन बोकर यांनी अमेरिकेतल्या एंजल गटांच्या गुंतवणुकींचा हिशोब मांडला. पैसे घालून बाहेर पडण्याचे 1,137 प्रसंग तपासले. सरासरी निघाली साडेतीन वर्षांत 2.6 पट. छान. पण त्यांतल्या 52 टक्के प्रसंगांत घातलेलेही पूर्ण परत आले नव्हते, आणि एकूण परताव्याचा 75 टक्के वाटा अवघ्या 7 टक्के गुंतवणुकींनी आणला होता. म्हणजे आंब्याची शंभर कलमं लावायची, निम्म्याहून जास्त जळताना बघायची आणि पेटी भरेल ती सात झाडांवर. कुठली सात, ते लावताना कळत नाही. त्यामुळे एकाच कंपनीत सगळी पुंजी घालणारा हा एंजल नव्हे, तो वर सांगितलेल्या इंग्रजी फेरीतला तिसरा गट.

भारतात 2006 साली इंडियन एंजल नेटवर्क आणि मुंबई एंजल्स या संस्था सुरू झाल्या आणि एकेकट्याने कॉफी पिण्याऐवजी गटाने पिच ऐकायची सोय झाली. सरकारचंही लक्ष गेलं. 2012 च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्याच्या 56 व्या कलमात एक पोटकलम आलं. शेअर बाजारात नसलेल्या एखाद्या कंपनीने आपले शेअर 'योग्य' किमतीपेक्षा जास्त भावाने विकले, तर वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरायची आणि तिच्यावर कर घ्यायचा. शेअर प्रीमियमच्या वाटेने काळा पैसा पांढरा होऊ नये, हा हेतू. सापडले मात्र स्टार्टअपवाले, आणि लोकांनी त्याचं नाव पाडलं 'एंजल टॅक्स'.

लग्नात मामाने भाच्याला 50,000 चा आहेर केला. दारात आयकर अधिकारी उभे. त्यांनी नवरदेवाला आपादमस्तक न्याहाळलं आणि निकाल दिला: हा मुलगा फार तर 5,000 च्या आहेराच्या लायकीचा आहे, तेव्हा वरचे 45,000 ही त्याची कमाई. भरा कर. नवरदेव सांगतोय, पुढे माझं चांगलं होणार आहे, म्हणून मामाने दिले. अधिकारी दोन वर्षांनी येतात आणि म्हणतात, कुठे झालं चांगलं? तुमच्या मूल्यांकनात तर वेगळेच आकडे होते! घोरपडीचा तो आलेख असा फाउंडरच्याच अंगावर यायचा. गंमत म्हणजे सुरुवातीला हे कलम फक्त देशातल्या गुंतवणूकदारांच्या पैशाला होतं. परदेशातून आलेला पैसा सोवळ्यातला समजत. 2023 मध्ये त्यालाही ओवळ्यात आणलं. मधल्या काळात नोंदणीकृत स्टार्टअपना सवलती मिळाल्या, मर्यादा वाढल्या, आणि जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी सगळ्या प्रकारच्या गुंतवणूकदारांसाठी हा कर रद्द केला. बारा वर्षं. कंपन्यांच्या भाषेत, चांगला लांब रनवे.

मधल्या काळात आणखी एक क्रांती झाली, ती दिवाणखान्यात. डिसेंबर 2021 मध्ये 'शार्क टँक इंडिया' सुरू झालं आणि 'इक्विटी' हा शब्द वरणभाताच्या ताटापर्यंत आला. त्याच्या पहिल्या हंगामात मालेगावकडचे कमलेश घुमरे आले होते. पाठीवर पंप घेऊन फवारणी करताना बापाची होणारी दशा पाहून त्यांनी सायकलसारखी ढकलायची फवारणीची गाडी बनवली होती. इंग्रजीचा लवलेश नाही, स्लाइड नाही, गाडी मात्र समोर उभी. पीयूष बन्सल यांनी 40 टक्के हिश्शासाठी 10 लाख दिले आणि वर 20 लाख बिनव्याजी कर्ज.

बिनव्याजी कर्ज, शेतीचं अवजार आणि मराठी माणूस, हे तिन्ही एकत्र यायची ही पहिली वेळ नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला शिवायला तयार नव्हते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. ट्रॅक्शन नाही, दुसरं काय? त्यात ठळकवाडीची कारखान्याची जागाही गेली. 1910 साली औंधच्या संस्थानिकांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडल स्टेशनजवळची ओसाड जमीन आणि 10,000 रुपये बिनव्याजी दिले. जमिनीवर निवडुंग आणि साप. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंतप्रतिनिधींनी 'थोडं लवकर होतंय' म्हटलं असतं तर ते चूक ठरलं नसतं. नुसतं निवडुंग तेवढं राहिलं असतं.

पैसे मिळाले म्हणजे सुटलो, असं मात्र कोणी समजू नये. दर महिन्याला गुंतवणूकदारांना अहवाल पाठवायचा असतो. दोन लाख घातलेला एंजल रविवारी सकाळी पावणेसहाला व्हॉट्सॲपवर विचारतो, "यात एआय काही करता येईल का?" ज्याचे पैसे सगळ्यात कमी त्याच्या सूचना सगळ्यात जास्त, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला हजर राहिलेल्यांना नवीन नाही. शिवाय कोणाचा किती हिस्सा हे लिहिलेला कॅप टेबल असतो. तो कंपनीचा सातबारा. त्यावर एक-एक लाखाची चाळीस नावं चढली की पुढच्या फेरीत प्रत्येकाची सही गोळा करताना फाउंडरला चुलत्यांच्या वाटण्या आठवतात. एक सही दुबईला, एक काशीला. म्हणून तर बरीच मंडळी आता सगळ्यांचे पैसे एका फंडात घालून सातबाऱ्यावर एकच नाव लावतात.

काशीवरून आठवलं. 1918 साली फाळक्यांनी नाशिकला भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली. पैशाची ददात मिटली आणि खर्चावरून खटके सुरू झाले. भागीदारांना हिशोब हवा होता, फाळक्यांना चित्रपट. शेवटी ते कंपनी सोडून काशीला निघून गेले आणि तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहीत बसले. मग परतही आले. फाउंडर आणि गुंतवणूकदार यांच्या आजच्या भांडणांत वकील जास्त असतात, नाटक तेवढंच.

तेव्हा वाचकहो, एखाद्या रविवारी भाचा किंवा शेजारचा मुलगा लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे आला, तर त्याला बसवा आणि कॉफी तुम्ही पाजा. 140 कोटींची स्लाइड आली की चष्मा पुसून घ्या. त्याने कुंडीत खरंच काही लावलंय का आणि रोज पाणी घालतोय का, तेवढं बघा. द्यायचे असतील तर बुडाले तरी घरात भांडण होणार नाही एवढेच द्या. रोझेटाच्या वडिलांना उगाच नावं ठेवू नका. आणि द्यायचे नसतील तर त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर 'नाही' म्हणा. पोरगं संध्याकाळच्या आत दुसऱ्या दारात जाऊन उभं राहील. वाटाणे उसळीला ठेवा.